युरोपच्या किनाऱ्याची रंगीत तालीम

वेलिंग्टनहून दक्षिण बेटाकडे जाणारी बोट सकाळी सुटली, तेव्हा डेकवर उभं राहणं कठीण होतं. इथल्या वाऱ्याबद्दल मुलीने आधीच सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि टोपी उडणं वेगळं. माझी बंदराच्या तोंडाशीच गेली. "आजोबा, आय टोल्ड यू," असं म्हणून नात इरा आत पळाली. इरा अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

आम्ही पाचजण होतो. मी, पत्नी मालती, मुलगी गौरी, जावई निखिल आणि इरा. गौरी आणि निखिल वेलिंग्टनला संगणकाच्या कामात आहेत. आम्ही दोघं पुण्याहून त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेलो. निघालो होतो न्यूझीलंडच्या एका किनाऱ्यावर, पण खरं कारण युरोप होतं.

जुलैत इथे शाळेला सुट्टी आणि कडाक्याची थंडी, तेव्हा तिकडे युरोपात ऊन. त्यामुळे तिकडच्या एखाद्या सुंदर बीचवर आठवडाभर सगळ्यांनी राहावं आणि आम्ही दोघांनी तिथूनच पुण्याला परतावं, असं गौरीच्या मनात आलं. महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. निखिलला पोर्तुगालचे उंच कड्यांखालचे किनारे हवे होते. इराची मैत्रीण क्रोएशियाला गेली होती, म्हणून इराला क्रोएशिया. मालतीला ग्रीसचं एक बेट हवं होतं. डोंगरउतारावर पांढरी घरं, त्यांच्यामधून पायऱ्या आणि खाली समुद्र, असं तिने टीव्हीवर अनेकदा पाहिलं होतं. ती हट्ट करणाऱ्यांतली नाही, पण या वेळी रोज फोनवर चित्रं शोधून सगळ्यांपुढे धरायची. मला कोणी विचारलं नाही. मी हरिहरेश्वर म्हणालो असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी गौरी स्वयंपाकघरात निखिलला सांगत होती, "आधी इथल्याच एखाद्या बीचवर नेऊन बघू. नाहीच झेपलं तर आई-बाबांना सरळ पुण्याला पाठवू, आपण तिघं जाऊ." मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. मुलीचं काही चुकत नव्हतं. पण 'बघू' म्हटलं की पुणेकराला परीक्षा दिसते, आणि परीक्षा म्हटली की तो तयारीला लागतो.

आमची अडचण मालतीचा उजवा गुडघा ही होती. वर्षभर तो दुखत होता. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणाले होते, तिने ती पुढे ढकलली आणि गौरीला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद दिली. आता तर ताकीद जास्तच कडक झाली. मग आम्ही दोघांनी एक युक्ती ठरवली. गुडघा दुखू लागला की तिने समोर जे काही असेल त्याला "किती सुंदर" म्हणायचं आणि मी लगेच दमायचं. मी दमलो की सगळेच थांबणार आणि तिला आपोआप बसायला मिळणार. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी कॉपी करायला तयार झालो, तेही बायकोच्या पेपरात.

सामुद्रधुनीत बोट बरीच हलली. नंतर ती दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत शिरली आणि पाणी एकदम शांत झालं. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, मध्येच एखादं एकटं घर आणि त्याचा लाकडी धक्का. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथेच खाल्ली. शेजारच्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मालतीने त्यांना अर्धी दशमी दिली. त्यांनी ती चटणीशिवाय खाल्ली आणि छान आहे म्हणाल्या.

पिक्टनला गाडी बोटीबाहेर काढली आणि आम्ही नेल्सनच्या दिशेला लागलो. वाटेत हॅवलॉक नावाचं गाव लागतं. तिथले हिरव्या कडांचे शिंपले प्रसिद्ध आहेत. निखिल आणि इरा यांनी ते पातेलंभर संपवले, मालतीने बटाट्याचे काप घेतले. जेवणानंतर धक्क्याकडे चालत जाऊ लागलो, तोच मालती म्हणाली, "अगं बाई, किती सुंदर." समोर कचऱ्याचा डबा होता. मी तत्काळ बाकावर बसलो. नेल्सनला तिने एका बंद दुकानाचं शटर वाखाणलं, मोटुएकाला पेट्रोल पंप. मोटुएकाच्या आसपास सफरचंदाच्या बागा आहेत आणि मार्चअखेर असल्याने झाडं फळांनी लगडली होती. त्यांना ती काहीच म्हणाली नाही, कारण तेव्हा आम्ही गाडीत बसलो होतो.

कैटेरीटेरीला पोचायला संध्याकाळ झाली. गौरीने एक बॅच (सुट्टीत राहायचं साधं, छोटं घर) घेतली होती. किनारा समोरच. वाळू खरोखर सोनेरी, जाड दाण्याची. पाणी स्वच्छ, हिरवट निळं. निखिल म्हणाला की फोटो काढून युरोप म्हणून पाठवला तरी कोणाला कळणार नाही. मला समुद्राचं फारसं वेड नाही, पण हा किनारा मला आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक घटना घडली. ऐंशीच्या घरातली एक गोरी बाई टॉग्ज (पोहण्याचे कपडे) घालून काठी टेकत आली. पाण्याच्या कडेला तिने काठी वाळूत खोचली आणि हळूहळू आत शिरली. थोड्या वेळाने ती पाठीवर तरंगत होती. मालती नजर न हलवता बघत राहिली. बाई बाहेर आल्यावर मालतीने इराला मध्ये घालून विचारलं, गुडघे दुखत नाहीत का. बाई हसून काहीतरी म्हणाल्या. इराने चक्क मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, जमिनीवर दुखतात. पाण्यात नाही दुखत." मालतीने दोनदा मान हलवली आणि त्यांची काठी वाळूतून उपटून त्यांच्या हाती दिली.

त्या दिवशी माराहाऊहून बोटीने जंगलातल्या एका खाडीवर जायचं होतं. तिथली पद्धत गमतीची आहे. बोट रस्त्यावरच उभी असते, चाकांच्या गाड्यावर. तुम्ही गावात, रस्त्यावर तिच्यात चढून बसता आणि ट्रॅक्टर तिला ओढत समुद्रात नेतो. ओहोटीच्या वेळी पाणी इतकं लांब गेलेलं असतं की दुसरा उपाय नसावा. ट्रॅक्टर चालवणारी तरुणी हाफ पँट आणि जँडल्स (रबरी चपला) घालून होती. "किया ओरा," (इथल्या माओरी लोकांचा नमस्कार) म्हणत तिने मालतीला हात देऊन शिडीवर चढवलं. मालती वर पोचली तेव्हा ती तरुणी "स्वीट ॲज" असं म्हणाली. म्हणजे छान झालं, असं इराने समजावलं.

खाडीवर धक्का नव्हता. बोटीच्या नाकाडावरून फळी टाकली आणि घोटाभर पाण्यात उतरायचं होतं. हीच खरी परीक्षा, हे आम्हा दोघांनाही कळलं. मालतीने सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि कोणाचाही हात न धरता उतरली. मागून मी उतरलो. माझा पाय खरोखरच सटकला आणि मी पाण्यात बसलो. निखिल धावला. मालतीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तिला वाटलं, मी भूमिकेत शिरलोय.

तिथून झाडीतून एक वाट टेकडीवर जाते. त्या वाटेवर तिला एक दगड सुंदर वाटला, मग एक ओंडका, मग नुसताच उतार. मी तीनदा दमलो. तिसऱ्यांदा गौरी माझ्याजवळ बसली, पाणी दिलं आणि माझी नाडी बघितली. मालती शेजारी बसून टवटवीत चेहऱ्याने समुद्र न्याहाळत होती.

संध्याकाळी गौरीने मला दूध आणायला डेअरीपर्यंत (कोपऱ्यावरचं छोटं दुकान) बरोबर नेलं. वाटेत ती मुद्दाम हळू चालत होती. आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग थांबली.

"बाबा, रागावू नका. तुम्हाला नाही झेपणार. तुम्ही जूनमध्येच पुण्याला जा, तिथे तुमच्याकडे बघायला मी आत्याशी बोलते. आईला मात्र मी नेणार. ती किती ठणठणीत आहे, बघितलंत ना?"

मला आधी हसू आलं. मग ते विरलं. खरं सांगावं तर मालतीचा गुडघा उघडा पडत होता, न सांगावं तर माझं तिकीट कापलं जात होतं. दोन दिवसांत मी कोणासाठी दमत होतो, याचा मला तेव्हा स्वतःलाच विचार करावा लागला. मी म्हणालो, "बरं. आईला घेऊन जा." गौरीने माझा हात दाबला. परत येताना दुधाची बाटलीही तिने मला उचलू दिली नाही.

हे मालतीला सांगायचं राहिलं होतं. सकाळी आम्ही दोघंच वाळूवर बसलो असताना सांगितलं. ती काय म्हणेल हे मला पक्कं ठाऊक होतं. त्रेचाळीस वर्षांत माझ्याशिवाय ती माहेर सोडून कुठे गेली नव्हती. 'तुम्ही नाही तर मी कशाला' असं ती म्हणणार, मग मी थोडा आग्रह करणार, मग ती डोळे पुसणार, इथवर मी मनात जुळवून ठेवलं होतं.

 ती पायाने वाळू सारखी करत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "जाऊ का मी?"

तिच्या आवाजात ना संकोच होता, ना माझ्यासाठी वाईट वाटणं. ती नुसतं विचारत होती. लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिने मला कधीच केला नव्हता, कारण मी तिच्यावर कधी एकटं जाण्याची वेळच येऊ दिली नव्हती. मला लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. आणि आपल्यालाही तिकडे जायचं होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

मी "जा" म्हणालो.

ती उठली आणि सरळ गौरीकडे गेली. मी मागोमाग गेलो, तोवर तिने सांगून टाकलं होतं. यांना काही होत नाही, दुखतो तो माझा गुडघा, वर्ष झालं, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. गौरी चिडली. मला सांगायला काय झालं होतं, मी काय परकी आहे का, तुम्ही दोघं मिळून मला बनवत होतात का, असं बरंच बोलली. मालतीने सगळं ऐकून घेतलं.

"तुझं झालं बोलून?" ती म्हणाली. "आता ऐक. मला पायऱ्यांचं गाव नको. सपाट किनारा बघ, जिथे बसता येईल आणि पाण्यात जाता येईल. शस्त्रक्रिया मी परत गेल्यावर करते. पण एकदा मला नीट समुद्रात जायचंय."

आयुष्यभर समुद्रावर जाऊन आपण काय केलं, तर साडीचे काठ भिजू न देता कडेला उभे राहिलो, असंही ती म्हणाली. त्या दुपारी गौरी तिला हाताला धरून कमरेइतक्या पाण्यात घेऊन गेली. सलवार-कमीज घालूनच. लाट आली की दोघी ओरडत होत्या. मी वाळूवर त्यांच्या चपला सांभाळत बसलो होतो. मालतीचा असा आवाज मी पूर्वी ऐकल्याचं आठवत नाही.

दोन दिवसांनी परतीची बोट पकडली. वारा बराच कमी होता. गौरीने फोनवर पुन्हा शोधाशोध सुरू केली होती. ग्रीस मागे पडलं, पोर्तुगालच्या दक्षिणेचा एक लांबलचक सपाट किनारा तिला सापडला. मागेच गाव, बसायला बाकं, पाणी उथळ. निखिलला आणि इरालाही तो पसंत पडला. मग काहीतरी सुचल्यासारखी गौरी माझ्याकडे वळली.

"अहो बाबा, तुम्ही तर धडधाकट आहात. मग तुम्हीही चला की. आई, बाबाही येतील."

मालतीच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. पण तो यायला क्षणभर उशीर झाला. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल. मी त्या चेहऱ्यासमोर त्रेचाळीस वर्षं जेवलो आहे. दोन दिवस ती एकटीने जायचं म्हणून काय काय ठरवत होती, गौरीला पोहण्याचे कपडे कुठे मिळतात ते विचारत होती, इराला चार पोर्तुगीज शब्द शोधायला लावत होती. त्या सगळ्यात मी कुठेच नव्हतो आणि ती फार खुशीत होती.

मी म्हणालो, "नको गं. मला खरंच नाही झेपणार. त्या दिवशी पाण्यात आपटलो तेव्हापासून कंबर धरली आहे."

कंबर ठणठणीत होती. या प्रवासात मी बऱ्याच थापा मारल्या, पण मालतीने न सुचवता मारलेली ही पहिलीच.

गौरीने पुन्हा एकदा विचारलं, निखिलने विचारलं. आमच्या घरात नको म्हणणाऱ्याला निदान तीनदा आग्रह होतो, ताटातल्या पोळीचा असो नाहीतर परदेशाचा. तिसऱ्या आग्रहासाठी सगळ्यांनी मालतीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. माझी थाप तिला कळली होती, हे मला स्पष्ट दिसलं.

"राहू दे गं," ती गौरीला म्हणाली. "नको म्हणतायत ना ते."

मग तिने माझ्या शालीचं टोक नीट केलं आणि इराला घेऊन डेकवर गेली.