कागदावर मेलेला साहेबराव

समजा, तुमच्या हातात चार पानांचा फॉर्म आहे. डोक्यावर मार्चचं ऊन, शेजारी काँक्रीटचा मिक्सर घरघरतोय, आणि दिवस मावळायच्या आत तुम्हाला वीस गरीब लेकरं शोधून लिहून काढायची आहेत. नुसती गरीब असून भागत नाही, परदेशातल्या माणसाचे डोळे भरून आले पाहिजेत. करून बघा. समोरच्या माणसाकडे न बघता त्याचं दुःख लिहायची सवय चार दिवसांत लागते.

मार्था टीचरला ती लागली होती. मुकुंदवाडीतल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या बालकेंद्रात ती कामाला होती. दोन हजार तेराच्या दुष्काळात फॉर्म घेऊन ती चिकलठाण्याकडच्या एका बांधकामावर आली, तेव्हा कडूबाई खाली विटा वाहत होती. सिल्लोडकडच्या गावातली विहीर आटली म्हणून दिवाळीच्या सुमारास ती, नवरा साहेबराव आणि सात वर्षांची आम्रपाली इथं आली होती. गावात प्यायला थेंब नव्हता आणि इथं स्लॅब भिजवायला टँकरवर टँकर येत होते. कडूबाई ते बघायची आणि थुंकायची.

"मुलीचे वडील?" मार्था टीचरनं मान खाली घालूनच विचारलं.

"ते वर गेलेत." कडूबाईनं तिसऱ्या मजल्याकडे हनुवटी केली. पण फॉर्ममधून मान वर करून बघतंय कोण?

"अरेरे. कधी?"

"दिवाळीपासून वरच हायत."

"मग आता कसं?"

"कसं काय, सवय झाली."

मार्था टीचरनं चुकचुक केली आणि 'वडील दिवंगत' असं लिहिलं. उन्हात राबणाऱ्या नवऱ्याचा टीचरला एवढा कळवळा आला, याचं कडूबाईला दोन दिवस कौतुक वाटत होतं.

आम्रपालीचा नंबर लागला. केंद्रात संध्याकाळची शिकवणी, पोटभर खिचडी, दप्तर. पोरगी अक्षरं जोडून वाचू लागली. वर्ष उलटलं आणि परदेशातून तिचा खर्च पुरवणाऱ्या लिंडाबाईंचं पत्र आलं, सोबत मराठी तर्जुमा. आम्रपालीनं ते झोपडीत मोठ्यानं वाचलं, "तुझे बाबा स्वर्गातून तुझ्याकडे पाहत असतात."

बाबा तेव्हा भाकरीवर मिरची ठेचत होते.

"स्वर्गात बी ठेचाच हाय म्हणा की," साहेबराव म्हणाला. हसला खरा, पण अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी कडूबाई नवऱ्याला घेऊन केंद्रात गेली. केंद्रप्रमुख पारखे सरांनी साहेबरावाला असं न्याहाळलं, जणू जिवंत राहून त्यानंच काही गैर केलं होतं.

"बाई, फॉर्म विधवांच्या मुलांच्या यादीत गेलाय," ते म्हणाले. "आता बदलला तर मुलीची जागा जाते. तुम्ही गप्प राहा ना. वार्षिक फोटोपुरतं तेवढं मंगळसूत्र अन् बांगड्या काढून या. तसंही, हा माणूस असून तरी काय उपयोग?"

मार्था टीचर खिडकीबाहेर बघू लागली. साहेबराव चपलेचा अंगठा चाचपत राहिला. पोरीच्या खिचडीपायी तो मरायलाही तयार झाला असता, हे कडूबाईला त्याच्या वाकलेल्या मानेवरून कळलं. त्याचाच तिला जास्त संताप आला.

"सर," ती म्हणाली, "तुमचा येशू तिसऱ्या दिवशी उठला, पोरगी गाणं म्हणती त्याचं. अन् तुमच्या फायलीतलं माणूस वर्षानं बी उठंना व्हय?"

"देवाची चेष्टा करू नका."

"देवाची नाय केली. तुमची केली."

बांगड्या तिनं काढल्या नाहीत. आठवड्याभरात आम्रपालीचं नाव कमी झालं. दप्तर परत मागितलं नाही, एवढा मोठेपणा संस्थेनं दाखवला. ज्या इमारतीसाठी कडूबाईनं विटा वाहिल्या तिच्या गॅलऱ्यांत आता धुणी वाळतात, आणि ती तिथंच दोन घरची भांडी घासते. आम्रपाली महापालिकेच्या शाळेत जाते. लिंडाबाईंसाठी अर्धवट रंगवलेला मोर तिनं वहीत ठेवलाय. "त्यांचं पत्र का येत नाय?" असं ती अधूनमधून विचारते.

परवा भाजीबाजारात मार्था टीचर दिसली. कडूबाईनं तिला मेथीच्या ढिगापाशीच गाठलं.

"टीचर, लिंडाबाईला काय कळवलं?"

"ते सर लिहितात," असं म्हणून मार्था टीचर सुट्टे पैसे न घेताच चालू लागली.

कडूबाई बघत राहिली. जित्या नवऱ्याला ज्यांनी एका ओळीत मारलं, त्या लोकांनी आमच्या पोरीचं काय लिहिलं असंल?