डेल्बर्टची पन्हळ

आमच्या ओहायोत पानगळ आली, की शेजारचा डेल्बर्ट शिडी लावून छपराची पन्हळ साफ करायचा, सूप वाढायच्या जुन्या डावाने. वय ऐंशीच्या पुढे. यंदा त्याची लेक रोक्सॅन आली आणि शिडी अडवून उभी राहिली.

"बाबा, पुन्हा वर चढलात तर घर विकायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं."

"पन्हळ तुंबली तर पाणी तळघरात शिरेल. मग पोहू का?"

मी कुंपणावरून म्हटलं, "रोक्सॅन, तूच चढ की. तो खालून ओरडेल. तेवढं त्याला छान जमतं."

ती कुरकुरत चढली. कुजक्या पानांच्या चिखलात तिला मेपलचं वीतभर रोप सापडलं.

"बाबा, इथे तर बाग लावलीये तुम्ही!"

दोघं इतकी हसली, की शिडी धरायला मला धावावं लागलं.

रोप तिनेच अंगणात लावलं. जाताना माझ्याकडे बोट दाखवत बाबांना बजावलं, "ओकची पानं उरलीत अजून. ती झडली की मीच येते. तोवर शिडी व्हर्नामावशीकडे."

घर विकायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. डेल्बर्ट आता रोज माझ्याकडे कॉफीला येतो आणि खिडकीतून ओककडे बघून करवादतो, "अजून झडत नाही बघ हा आळशी!"