रजिस्टर पाकिटातला बाजार

माझा स्वभाव मुळातच संशयी. मुलं खडू पळवतात की काय म्हणून मी वर्गातले खडूसुद्धा मोजून ठेवत असे. तेव्हा स्वतः शोधून काढलेला खेळ कुणी चोरील, या धास्तीनं मला घास गोड लागेनासा झाला यात नवल नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी घोडेगावच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. वडील गावच्या जनावरांच्या बाजारात दलाल. तिथं सौदा करताना विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच ठाऊक. लहानपणापासून हे बघत आले होते. एका सुट्टीत त्यावरूनच मी कागदावर खेळ बेतला. पटावर घरापासून बाजारापर्यंतची वाट, सोंगट्या म्हणून रंगवलेले चिंचोके, आणि चिठ्ठ्यांवर जनावरं: मारकी गाय, बसका बैल, आटलेली म्हैस. दोघांनी रुमालाखाली सौदा करायचा, बाकीच्यांनी त्यांचे चेहरे बघून भाव ओळखायचा. ओळखला तर चार घरं पुढं.

हा खेळ छापून यावा आणि डब्यावर माझं नाव असावं, एवढं एकच मला हवं होतं. पण छापखान्यात दाखवला आणि मालकानंच ढापला तर? म्हणून आधी नगरला एका वकिलांकडे गेले.

"बाई, कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो," ते म्हणाले. "तुम्ही काढलेला पट आणि लिहिलेले नियम मात्र तुमचे. दिल्लीला नोंदणी करता येते, पण तिला वेळ लागेल. तोवर सगळं पाकिटात घाला, लाखेनं बंद करा आणि स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर करा. आलं की फोडू नका. उद्या भांडण झालं तर पोस्टाचा शिक्का तारीख सांगेल."

मी तिथूनच पोस्टात गेले. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एकच बघून खिडकीतल्या माणसानं मला आपादमस्तक न्याहाळलं. मी मान ताठ ठेवली. घरी मात्र कुणाला अवाक्षर सांगितलं नाही, आणि तिथंच माती खाल्ली.

आमच्या गल्लीत वाचता येणाऱ्या बायका दोन-चारच. त्यामुळे पोस्टमननं ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, पाकीट फोडायचं आणि मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर ओट्यावर माझा पट पसरलेला. शेजारच्या दोन काकू, आई आणि पोस्टमन अशी चौघं भोवती बसलेली. फुटलेली लाख बशीत. आईचा आणि पोस्टमनचा हात त्याच्या टोपीखाली.

"हे काय चाललंय?" मी किंचाळलेच.

"वरडू नगं," आई मान वर न करता म्हणाली. "म्हस इकतीया मी. आटलेली हाय, पर त्येंना ठावं न्हाई."

"म्हंजी?" पोस्टमननं झटकन हात काढून घेतला. "वैनी, ही फसवणूक झाली!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रजिस्टर आलं, बाई. तुमच्या आईनी आंगठा दिला. रजिस्टर म्हटल्यावर लगेच वाचाया नगं व्हय? नेम लई ब्येस लिवलेत हां तुमी."

मी आत जाऊन चक्क रडले. वडील बाजारातून आल्यावर त्यांच्याकडे आईची तक्रार केली. ते हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

"आगं, भाव झाकायचा आसतो, जनावर न्हाई," ते म्हणाले. "जनावर चार मान्सांम्होरं हिंडवायचं. मंग ते कुनाचं हाय, ह्ये समदा बाजार सांगतो."

मला काही ते पटलं नाही. पण आता झाकायला उरलं तरी काय होतं? काकूंना एकेक पट काढून दिला. वडिलांनी दोन बाजारात नेले. बघता बघता व्यापारी गुरांच्या सावलीत बसून खोट्या म्हशींसाठी खऱ्याखुऱ्या तावातावानं भांडू लागले.

पुढं चार महिन्यांनी धीर करून नगरच्या एका छापखान्यात पट ठेवून आले. पंधरा दिवसांनी गेले, तर मालकानं डब्याचा नमुना पुढं केला. त्यावर खेळाचा कर्ता म्हणून त्याचंच नाव.

"माझं नाव कुठंय?"

"असले खेळ गावोगाव असतात, बाई. हा तुमचाच कशावरून?"

पाकीट फुटलेलं, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला ना शिक्का ना तारीख. तेवढ्यात लग्नपत्रिका छापायला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं टेबलावर वाकून पट बघितला. "ह्यो तर घोडेगावच्या दलालाच्या लेकीचा ख्योळ! आमच्या काष्टीत पारावर रोज आसतो. बसका बैल दोनदा आलाय माझ्या वाट्याला."

मालकानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि निमूटपणे नमुन्यावरचं नाव खोडलं. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि मी पडलेही.

पहिला छापील डबा पार्सलनं घरी आला. मी शाळेत होते. परतले तेव्हा निम्मी गल्ली ओट्यावर जमलेली आणि मधोमध पार्सल. सुतळीची गाठसुद्धा कुणी सैल केली नव्हती. पोस्टमनचा चहा केव्हाच गार झाला होता.

"तुझं हाय म्हनून न्हाई फोडलं," आई म्हणाली. "किती येळ बसायचं आमी?"

मी पार्सल उचललं आणि पोस्टमनच्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा."

त्यानं गाठ सोडली, डबा डोळ्यांजवळ धरला आणि माझं नाव गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं. आईनं ते त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं.