मागच्या सीटवरचं शिलंगण

८ ऑक्टोबर. दसरा तोंडावर आला आहे, म्हणून समया घासायला काढल्या आहेत. पितळेला आधी चिंचेचं पाणी, मग विटेची बारीक पूड, आणि शेवटी कोरडं फडकं, तेही एकाच दिशेने. हे मला आईने शिकवलेलं नाही. एका मोटरवाल्याने शिकवलं.

त्या मोटरवाल्यांना कोणी विचारलं, "काय तात्या, गाडी कुठवर आली?" की ते अंगठा आणि तर्जनी जवळ आणत, मधे तीळ मावेल एवढी फट ठेवत आणि म्हणत, "इतकुसंच राहिलंय." आठ वर्षांत ती फट कधी रुंदही झाली नाही आणि मिटलीही नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल, तर तुमची गल्ली फारच शहाणी म्हणायची.

नाव सांगत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, टोपी बाजाराच्या मागे आम्ही शेजारी होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. ते संस्थानाच्या मोटरखान्यात कारकून होते. कोणती मोटर केव्हा निघाली, कोण बसलं, केव्हा परतली, हे मोडीसारख्या वळणदार अक्षरात लिहायचं, एवढंच त्यांचं काम. घराण्यात पिढ्यानपिढ्या दरबारची नोकरी. तात्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. भोपाळला गेले, झोपेतच. त्रास झाला नाही म्हणे.

संस्थान विलीन झालं तेव्हा तात्या नव्या सरकारच्या कचेरीत गेले आणि सरदारांच्या पागा नि मोटरी विक्रीला निघू लागल्या. एका सरदारांची जुनी, उघडी मोटर कोणी फुकटही नेईना. टप उंदरांनी खाल्लेला, बॉनेटखाली चिमण्यांची घरटी. तात्या बैलजोडी घेऊन गेले आणि भर टोपी बाजारातून ती ओढत घरी घेऊन आले. दुकानदारांना आयतीच करमणूक.

"तात्या साहब, एक पूले घास में कित्ते कोस चलती है?"

तात्यांनी मान वळवली नाही. "दरबारी गाडी आहे. हसू दे त्यांना," एवढंच मला म्हणाले.

घरमालकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की धोतराचा काचा मारून आत. सुरुवात कशापासून केली असेल? मागच्या सीटपासून. घोड्याचे केस आणून धुतले, वाळवले, पिंजले आणि नव्या चामड्यात ठासून भरले. त्यात पावणेदोन वर्षं गेली. मग दिवे. मग दारांच्या मुठी. मग भोंगा. पितळ घासायची रीत मी तिथेच उचलली.

"अहो तात्या, आधी इंजिन नको का?"

"बाई, मोटर म्हणजे बसायची जागा. इंजिन काय, लॉरीलाही असतं."

मोटरीत कुठे कोण बसतं, हे त्यांना पाठ होतं. मागे उजवीकडे यजमान, डावीकडे पाहुणे, पुढे ड्रायव्हरशेजारी चोपदार. आत काय फिरतं, ते त्यांना पुस्तकात बघून शिकावं लागलं. पण शिकले. पाण्याच्या पंपात घालायला पुठ्ठ्याची चकती लागते. तात्यांनी ती कचेरीतून रद्दीत निघालेल्या दप्तराच्या पुठ्ठ्यातून कापली, तेलात भिजवली आणि मला दाखवली. कडेला अर्धवट शिक्का दिसत होता. "बघा बाई, संस्थानचं दप्तर अजून पाणी अडवतंय."

दर दसऱ्याला मोटरीला झेंडूची माळ पडे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, शालू नेसून मागच्या सीटवर बसत. शेडमध्येच. आम्ही बायका तिथे जाऊन त्यांना सोनं द्यायचो.

"आम्ही दर वर्षी मोटरीतून शिलंगणाला निघतो," वहिनी म्हणायच्या. "फक्त मोटर निघत नाही."

तात्या बोटांची फट दाखवायचे.

मग राज्यांची पुनर्रचना आली. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. गल्लीतली निम्मी घरं एका महिन्यात ट्रंका बांधू लागली. तात्यांनाही हुकूम आला: एक नोव्हेंबरला भोपाळला हजर. तिथे क्वार्टर दोन खोल्यांचं. घरमालकाला शेड हवी होती. जुने टायर तेवढा लांबचा रस्ता काढणार नाहीत, हे तात्याही जाणून होते. गावाच्या टोकाच्या हजीऱ्याचा एक वीटभट्टीवाला येऊन मोटर बघून गेला. मागचा भाग कापून विटा वाहायची गाडी करणार होता.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा कडक बोललेल्या मी ऐकल्या. "विकायची तर खुशाल विका. पण एकदा मला बसवून हलवा ती. आठ वर्षं नुसतीच बसले आहे."

दसऱ्याला अकरा दिवस होते. तात्यांनी रजा काढली आणि बोटं दाखवायचं सोडून दिलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर त्यांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा मोटर खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. गल्लीतली सगळी कुत्री पळाली. तात्या हँडल हातात धरून तसेच उभे. डोळे पुसायला हात वर नेला आणि सगळं ग्रीस तोंडाला फासून घेतलं.

दसऱ्याच्या दुपारी सगळे तयार. मोटर झळकते आहे, वहिनी मागे बसल्या आहेत. आणि ड्रायव्हर नाही. मोटरखान्यातला जुना ड्रायव्हर यायचा होता. तो आता नव्या सरकारची बस चालवायचा. त्याचा निरोप आला: ड्यूटी लग गई.

"मग तुम्हीच न्या ना," मी म्हटलं.

तात्या माझ्याकडे असे बघू लागले, जसं काही मी त्यांना माडावर चढायला सांगितलं. "मी? बाई, मला कुठे येते चालवायला? मी कारकून!"

आठ वर्षं! एकेक खिळा हातातून गेला, पण चालवणं आपलं काम आहे हे या माणसाच्या डोक्यातही आलं नव्हतं. चालवतो तो ड्रायव्हर. संपलं.

वहिनींनी शालूचा पदर नीट केला आणि उतरायला दाराची मूठ धरली.

"बसा," मी म्हटलं. "मी चालवते."

आमचं घराणं शिपायांचं. वडील संस्थानच्या फौजेत लॉरीवर होते. आईला न सांगता त्यांनी मला परेडच्या मैदानावर लॉरी शिकवली होती. मास्तरीण झाल्यावर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग काय?

"तुम्ही?" तात्या म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बैल पाहिलेत, तात्या. मलाही पाहतील. बसता की चालत येता?"

ते मागच्या दाराशी गेले. उजवीकडच्या जागेवर वहिनी बसल्या होत्या. त्या सरकू लागल्या, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला. "बसा तिथेच. आज मान तुमचा." दार बंद केलं, हँडल मारलं आणि माझ्या शेजारी, चोपदाराच्या जागी, ताठ बसले.

गिअर घालताना असा आवाज झाला की तात्यांनी डोळेच मिटले. पण निघालो. टोपी बाजारातून गेलो तेव्हा कोणी काही विचारलं नाही. गोरखीच्या जुन्या राजवाड्यापाशी एका म्हाताऱ्या हवालदाराने जुन्या सवयीने खाडकन सलाम ठोकला. मी आरशात पाहिलं. वहिनींनी तो घेतला. मान न वाकवता, अगदी सहज.

"मागे कसं वाटतंय?" तात्यांनी पुढे बघतच विचारलं.

"धूळ फार येते."

तात्यांचा चेहरा पडला.

"पण बाई," वहिनी म्हणाल्या, "हळू करू नका हं."

हजीऱ्याच्या पुढे, शेतं लागतात तिथे थांबलो. पाणी उकळत होतं. ते निवेपर्यंत वहिनींनी शमीची पानं तोडली. पहिलं सोनं मोटरीच्या बॉनेटवर ठेवलं, दुसरं माझ्या हातात दिलं, तिसरं नवऱ्याला. तात्यांनी चक्क वाकून घेतलं. दिवेलागणीच्या आत घरी परतलो.

पंधरवड्याने भट्टीवाल्याचा माणूस मोटर न्यायला आला. तात्या फडक्याने दिवे पुसत होते.

"काहे पोंछ रहे हो बाबूजी? कल से तो ईंटें ढोनी हैं."

"कल से," तात्या म्हणाले. "आज नहीं."

मोटर वळणापलीकडे जाईपर्यंत ते शेडच्या दारात उभे होते. मग फडकं झटकलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं, आणि दोघं टांग्याने स्टेशनला गेली. वहिनींनी वळून हात केला. तात्या टांगेवाल्याला घोड्याचा नाल ढिला झाला आहे, हे सांगण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला उशीर होईल असा निरोप पाठवला आणि मोटर लायसन्सच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "गाड़ी है?"

"नहीं."

"मिलने वाली है?"

"नहीं."

"तो फिर लाइसेंस किसलिए, बहनजी?"

"चलानी आती है, इसलिए," मी म्हटलं, आणि फॉर्म भरायला त्याच्याकडून दौत-टाक मागून घेतला.