निंबाळकरचं जोडकार्ड

निंबाळकरचं पत्र येऊन चौदा महिने झाले. मी त्याला उत्तर दिलेलं नाही.

ते जोडकार्ड होतं. एका पोस्टकार्डावर मजकूर आणि त्यालाच जोडलेलं दुसरं, कोरं, उत्तरासाठी. हल्ली जोडकार्डं कुणी वापरत नाही. त्याने कुठून पैदा केलं देव जाणे. कोऱ्या कार्डावर त्याने स्वतःचा पत्ताही घालून ठेवला होता, मला सबब उरू नये म्हणून. मजकूर एवढाच: "ग्रंथपाल, जानेवारीत गोवा. समुद्राला लागून गोल्फचं मैदान आहे, राहायलाही तिथेच. मी, सबनीस, मिस्त्री आणि तू. येतोस का? एका शब्दात कळव. प्रस्तावना नको."

मी सात मसुदे केले. सातही प्रस्तावनाच होत्या. आठवा सुचण्याआधी एका सकाळी आनंदराव निंबाळकर देवळालीच्या गोल्फ मैदानावरून घरी आला, बूट काढायला पायरीवर बसला आणि गेला. तोफखान्यातला निवृत्त सुभेदार, छातीने भिंत पाडेल असा माणूस. दोन स्टेंट माझ्या छातीत आहेत, गेला तो. मी येणार की नाही, हे न कळताच गेला.

यंदा फेब्रुवारीत तो बेत पुन्हा ठरतो आहे. परवा सबनीसचा फोन आला. "आनंदरावच्या जागी शालनवहिनी येतायत. खेळणार नाहीत, नुसत्या चालणार. म्हणतात, त्यांनी ठरवलेलं मी मोडणार नाही. तुझं काय ते वहिनींना कळव, पुढच्या शनिवारपर्यंत." शालनवहिनी म्हणजे निंबाळकरची बायको.

माझा मुलगा निखिल म्हणाला, "बाबा, या वयात कशाला?" आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे कबूल करतो. खरी गोष्ट अशी की मी गोल्फ फार वाईट खेळतो. एकसष्टाव्या वर्षी निंबाळकरने शिकवलं. पहिल्या फटक्याला सगळे गप्प उभे राहून बघतात, आणि माझा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूच्या वरून हवेत फिरून येतो. आमच्या चौघांत ते चालतं. परक्या लोकांसमोर कल्पनाच सहन होत नाही.

दुपारचे अडीच. मी व्हरांड्यात आरामखुर्चीत आहे. मांडीवर पुस्तक, पुस्तकात खूण म्हणून ते कार्ड, बोटांत स्कोअर लिहायची आखूड पेन्सिल. अक्षरं आपली ओळ सोडून खालच्या ओळीत उतरायला लागतात.

पायरीवर खिळ्यांच्या बुटांचा आवाज येतो.

"चहा सांग," निंबाळकर म्हणतो. तो फरशीवर बसतो, मधे गोव्याचा नकाशा पसरतो आणि चार कोपऱ्यांवर चार चेंडू ठेवतो. "सबनीसच्या खोलीत मी झोपणार नाही. घोरतो."

"अरे, तू गेलास ना?"

"म्हणून काय घोरणं ऐकू येत नाही? मिस्त्रीला गाडीत पुढे बसव, त्याला मळमळतं. औषधं तुझ्याकडे. चौथी खोली कुणाची लिहू?"

मी नकाशाकडे बघतो. नकाशावरचा समुद्र हळूहळू पुढे सरकतो आहे.

"तुझं उत्तर कुठे ठेवलंयस?"

"ग्रंथालयात," मी म्हणतो, आणि आम्ही तिथेच आहोत. मी जिथे ग्रंथपाल होतो ते जुनं कॉलेज, तीच लोखंडी कपाटं. कपाटांमधल्या वाटांवर बारीक कापलेली हिरवळ आहे, ओली. निंबाळकर सूचीचा खण ओढतो. आतल्या प्रत्येक कार्डावर माझं अक्षर.

"'प्रिय आनंदराव, तुझे पत्र पोहोचले. प्रकृतीचा विचार करता...'" तो मोठ्याने वाचतो. "कुणाच्या प्रकृतीचा?"

"माझ्या."

"आणि गेलं कोण?"

मी खण ढकलून बंद करायला बघतो. तो हात आडवा घालतो.

"सगळी वाचली मी. 'प्रकृती' आहे, 'हवामान' आहे, 'निखिलचे मत' आहे. खरं कारण एकातही नाही."

"लोक बघतात," मी म्हणतो. आवाज इतका बारीक येतो की कपाटांनाही ऐकू जाऊ नये.

"मोठ्याने."

"लोक बघतात! मी हुकतो आणि लोक बघतात!"

निंबाळकर कपाटातली चार जाड पुस्तकं बाजूला करतो. मागे भिंत नाही. समुद्र आहे.

पहिल्या फटक्याची जागा. तिच्याभोवती लग्नकार्याला मांडतात तशा खुर्च्या. निखिल बसला आहे. माझे हृदयाचे डॉक्टर बसले आहेत, मांडीवर फाईल. आमचे प्राचार्य बसले आहेत, ज्यांना मी तीस वर्षांत एकदाही 'नाही' म्हणालो नाही. मागे सरबत पिणारे परके लोक. काउंटरवरची मुलगी यादीवरून बोट फिरवते.

"तुमचं नाव नाही, काका. उत्तर आलं नव्हतं."

"वय?" डॉक्टर विचारतात.

"पंच्याहत्तर."

"मग घरी बसा."

"चौदा महिने बसलोच की," मी म्हणतो. हे मी बोललो याचं मलाच नवल वाटतं. "बसून काही बरं झालं नाही."

मी लाकडी खुंटी गवतात रोवतो, वर चेंडू ठेवतो. सगळे गप्प होतात. क्लब फिरतो. चेंडू जागेवरच आहे.

"एक," निंबाळकर म्हणतो. "लिही."

आमच्यातली पद्धतच तशी. बाकीचे गट हवेतला फटका माफ करतात. निंबाळकर कधीच करू देत नसे. म्हणून तर स्कोअरकार्ड माझ्याकडे असायचं. स्वतःचे हुकलेले फटके न चुकता लिहिणारा मी एकटाच होतो. मी लिहितो.

पुन्हा फिरवतो. पुन्हा हवा. मागे कुणीतरी हसतं. निखिल अर्धा उठतो. "बाबा, पुरे आता."

"पुरे कधी ते मी ठरवीन. तू खुर्ची मागे घे, चेंडू लागेल." आणि मी स्वतःच मोठ्याने म्हणतो, "दोन!" परक्या लोकांना ऐकू जाईल असं.

निंबाळकर गुडघ्यावर थाप मारून हसतो. "हुकलेला फटका लिहिता येतो, ग्रंथपाल. न मारलेला कुठे लिहिणार? कार्डावर त्याला रकानाच नाही."

"तू मार ना एक."

"माझा खेळ संपला. कार्ड सही करून दिलंय."

तो अनवाणी आहे. हे माझ्या आत्ता लक्षात येतं.

"बूट?"

"पायरीवरच ठेवलेत हिने, अजून. आत घे म्हटलं तर घेत नाही. तिला सांग, घालून ये गोव्याला. मोठे होतील. दोन मोजे घाल म्हणावं."

"तूच सांग."

"मला कुठे पत्र लिहिता येतं? एका शब्दापुढे गाडी जात नाही. हं, मार."

मी क्लब उचलतो. समुद्र, खुर्च्या, डॉक्टरांची फाईल, सगळं माझ्याकडे बघतं आहे. बघू दे. मी पूर्ण खांदा वळवतो.

टक.

पेन्सिल फरशीवर पडली आहे. व्हरांड्यात ऊन, मांडीवर पुस्तक. चेंडू कुठे गेला ते मला दिसलंच नाही.

कोऱ्या कार्डावर एक शब्द आहे. अक्षर माझंच, उतरणीला लागलेलं, पण खाडाखोड नाही.

येतो.

खोडरबर टेबलाच्या खणात आहे, डावीकडे. मला पक्कं माहीत आहे. मी पेन्सिल उचलतो आणि खाली आणखी एक ओळ लिहितो: 'वहिनी, आनंदरावचे बूट घालून या. दोन मोजे घाला.' मग जोडकार्ड घडीवर फाडून वेगळं करतो आणि चपला घालतो.

"बाबा, उन्हात कुठे निघालात?" रेवती, माझी सून, स्वयंपाकघरातून विचारते.

"पत्र टाकायला."

"कुणाला?"

"निंबाळकरला."

ती बाहेर येते, हात पुसत. कार्डावरचा पत्ता वाचते. "बाबा... ते तर..."

"माहीत आहे. पत्ता त्यानेच घातलाय."

"आणि निखिलला काय सांगू?"

"सांग, मी गोव्याला गोल्फ खेळायला जातोय. फार वाईट खेळतो, तेही सांग."

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी रिक्षावाले बसले आहेत. ते बघतात. मी हात पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत घालतो आणि कार्ड सोडतो.