दहाचा मान

घराण्याचं नाव ही वाटून घेता येणारी गोष्ट नाही. जमीन वाटता येते, गाळे वाटता येतात, देवघरातले टाकसुद्धा वाटता येतात. नाव मात्र अखंड राहतं आणि पुढच्या पिढ्यांना एकत्र बांधून ठेवतं. राहनाळच्या ज्या गोदाम कंपनीत मी ऑफिस सांभाळतो, तिथे हे नाव इंग्रजी अक्षरांत, शेवटी डॉट कॉम लावून, वर्षाच्या बोलीने घेतलेलं होतं आणि त्याचा पासवर्ड दोन भावांपैकी एकाकडेच होता.

नाव त्यांच्या वडिलांचं. त्यांनी भातशेती मोडून शेड उभारल्या आणि कंपनीला स्वतःचंच नाव दिलं. ते गेल्यावर वर्षाच्या आत दोघा मुलांनी वाटणी केली. वाटणीचा कागद मी टाइप केला होता, त्यामुळे त्यात काय होतं ते मला पाठ आहे. वजनकाटा थोरल्याला, विहीर धाकट्याला, लोखंडी खाट थोरल्याला, लिंबाचं झाड दोघांत आणि लिंबं ज्याच्या बाजूला पडतील त्याची. आवारात मधोमध भिंत उठली. भिंतीवर दोन्ही बाजूंनी कॅमेरे लागले आणि ते एकमेकांकडे बघत बसले. डोमेन, म्हणजे ते डॉट कॉमवालं नाव, मात्र कागदात नव्हतं, कारण बैठकीला बसलेल्या एकाही माणसाला ती वस्तू वाटली नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी वेबसाइटची टूम निघाली तेव्हा थोरल्याने ते स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेऊन ठेवलं होतं. वेबसाइटवर एका परदेशी गोदामाचा फोटो होता. फोटोत बर्फ पडत होता.

वाटणीनंतर मी धाकट्यांकडे राहिलो. आवडीचा प्रश्न नव्हता. माझं टेबल भिंतीच्या त्या बाजूला आलं. त्याआधी मी एका शाळेच्या ग्रंथालयात कारकून होतो, म्हणून इथे मला सगळे मास्तर म्हणतात. मी आयुष्यात एक दिवसही शिकवलेलं नाही.

धाकट्यांच्या वाट्याला सगळ्यात मोठी शेड आली आणि तिच्यात एकच भाडेकरू होता. वॉशिंग मशिनं साठवणारी कंपनी, हेड ऑफिस बंगलोरला. तिथून पत्र आलं की पुढच्या महिन्यापासून फुकटच्या मेलवर कुठलाही व्यवहार होणार नाही. नवा करार मालकाच्या कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरच येईल, तोही महिनाअखेरीपर्यंत. नाहीतर करार संपला असं धरलं जाईल. आमचा मेलचा पत्ता फुकटचाच होता आणि त्यात धाकट्यांचं जन्मसाल होतं. हायवेच्या अंगाला नव्या शेड झाल्या होत्या. भाडेकरूचा माणूस एका दलालाबरोबर त्या बघून आल्याची बातमी आमच्या वॉचमनने आणली. शेड रिकामी झाली असती तर धाकट्यांकडे विहीर आणि पडतील ती लिंबं एवढंच उरलं असतं.

मी क्लाउडवरची एक मेल सेवा निवडली, पत्ते ठरवले. मग सेवेने विचारलं, हे डोमेन तुमचंच कशावरून? पुरावा म्हणून डोमेनच्या सेटिंगमध्ये त्यांनी दिलेली एक ओळ चिकटवायची. ती सापडली की टपाल कुठल्या दारी न्यायचं त्याची दुसरी नोंद करायची. दहा मिनिटांचं काम. फक्त सेटिंग उघडायला ओटीपी लागत होता आणि तो भिंतीपलीकडे जात होता.

धाकट्यांनी फोन केला, थोरल्यांनी उचलला नाही. म्हणून मी गेलो. त्यांच्या केबिनमध्ये वडिलांचा माणसाएवढा फोटो आहे आणि त्याखाली ते अशा कोनात बसतात की येणाऱ्याने नमस्कार नेमका कोणाला केला हे त्यालाही सांगता येऊ नये.

"काय मास्तर, वाट चुकलाव?"

"ओटीपी हवा होता. डोमेनचा."

"माज्या बापाच्या नावाचा ओटीपी मी कुनाला देनार न्हाय."

"त्यांच्याही वडिलांचं नाव तेच आहे."

"त्याला सांगा, बापूस दवाखान्यात होता तवा डबा कोन नेत होता ते आठव म्हनावं. मंग ओटीपी माग."

मी परत आलो. धाकट्यांनी विचारलं, "काय बोल्ला दादूस?" डबा गाळून बाकीचं सांगितलं. त्यांनी गाळलेलंही ओळखलं. "डबा माझी बायको करायची," ते म्हणाले. "हा फक्त गाडी चालवायचा."

नवीन डोमेन घेऊ या असं मी सुचवलं. त्यावर दोन उत्तरं आली. बंगलोरच्या नोंदीत जुन्या करारापासून हेच डोमेन चढलं होतं आणि ते बदलायला तीन महिने लागतात, हे पहिलं. दुसरं धाकट्यांचं: "बापाची पाटी त्याच्याकडं सोडून मी दुसरी लावू? मंग गावात तोच खरा पोरगा झाला." पहिलं उत्तर पुरेसं होतं, पण त्यांच्या लेखी दुसरंच कारण होतं.

शेवटी टेमघरहून मामा आले. आईचे भाऊ. वाटणीही त्यांनीच केली होती आणि आपल्या हातून एक वस्तू निसटली याचा त्यांना मनापासून राग होता. बैठक आमच्या ऑफिसात ठरली. थोरले आले ते एका कॉम्प्युटर सल्लागाराला घेऊन. कल्याणचा माणूस, अंगात ब्लेझर. राहनाळमध्ये ब्लेझर मी त्याआधी एकदाच पाहिला होता, घोड्यावर.

मामांनी निकाल लगेच दिला. "नाव दोघांचं. दोघांना वाटा."

मी म्हणालो, वाटायची गरज नाही. एकच सेवा घेऊ, तिच्यात दोघांचे वेगवेगळे पत्ते काढू.

"मंजे माजी पत्रं याच्या कपाटात?" थोरले म्हणाले. "आनि चावी या मास्तरकडं?"

"तुझी पत्रं वाचायला मला येळ हाय का?" धाकटे म्हणाले. "तुला येतं काय पत्र? लग्नपत्रिका सोडून?"

"बोलू नको. बोलू नको तू."

"मामा, हा म्हनतो बोलू नको. माझ्याच हापिसात."

तेव्हा दोन सेवा ठरल्या. धाकट्यांची मी निवडलेली, थोरल्यांची ब्लेझरवाल्याने आणलेली. दोघांच्या ओळी एकाच डोमेनमध्ये चिकटवायच्या आणि दोघांनीही टपालाची नोंद करायची. मी सांगितलं की असं करत नाहीत. मामा म्हणाले, वाटणी केली की असंच करतात.

मग ओटीपी मागवला. थोरल्यांचा फोन वाजला. ते वाचायला लागले तर मामांनी हात वर केला. तोंडी काही नको. आधी कागदावर तारीख, वेळ, हजर माणसांची नावं, मग आकडे, मग दोघांच्या सह्या. वाटणीचीच रीत होती ती. कागद तयार झाला तोवर ओटीपी मेला होता. दुसरा मागवला. तो कागदावर आला, थोरल्यांनी सही केली, धाकट्यांचं पेन चाललं नाही. तिसऱ्याला धाकट्यांनी शंका काढली की फोन मामांनी स्वतः वाचावा. मामांचा चष्मा स्कूटरच्या डिकीत होता. चौथ्यानंतर पडद्यावर संदेश आला की फार प्रयत्न झाले, चोवीस तासांनी या.

चोवीस तासांनी मंगळवार होता. मंगळवारी थोरले गणेशपुरीला गरम कुंडात स्नानाला जातात आणि फोन घरी ठेवतात. हा नेम वडील गेल्यापासूनचा. महिना संपायला चार दिवस उरले होते. धाकटे शेडच्या दारात खुर्ची टाकून वॉशिंग मशिनांकडे बघत बसले. "इतकी वर्षं ठेवली," ते मला म्हणाले, "एकाला खरचटलं न्हाय." दिलासा देणं माझ्या कामात बसत नाही आणि जमतही नाही.

बुधवारी परत सगळे जमले. या वेळी मी कागद आधीच टाइप करून, सह्या आधीच घेऊन ठेवल्या. फक्त आकड्यांची जागा मोकळी. मामांना ते कमी प्रतीचं वाटलं, पण सेटिंग उघडलं. दोन्ही ओळी चिकटल्या, दोन्ही सेवांना पुरावा मिळाला. राहिली टपालाची नोंद. तिथे प्रत्येक सेवेच्या नावापुढे एक आकडा भरायचा असतो.

"आकडा कसला?" मामांनी विचारलं.

"दोघांत कोण पहिला, त्याचा."



"थोरला मी," थोरले म्हणाले. "मोठा आकडा माजा."

मी सांगितलं की हे उलटं असतं. ज्याचा आकडा लहान, टपाल त्याच्या दारी आधी जातं. तिथे नाव सापडलं नाही तर पाठवणाऱ्याकडे परत जातं. दुसऱ्या दारी जात नाही. थोरल्यांनी ब्लेझरवाल्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं. पण गिऱ्हाइकासमोर समोरच्या पार्टीच्या कारकुनाचं खरं म्हणायचं, हे त्याच्या धंद्यात बसत नसावं. तो म्हणाला, "सर बोल रहे हैं तो दस डाल दो. दस अच्छा नंबर है."

"मी पुन्हा सांगतो," मी म्हणालो, "दहा घेऊ नका."

"मास्तर, तुमचा पगार कोन देतो?"

"धाकटे."

"बस. मंग तुमी सांगाल त्याच्या उलटं करायचं, येवढी अक्कल मला हाय."

मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला मला कोणी नेमलेलं नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज पहिल्याइतका मोठा नव्हता.

धाकट्यांसाठी मी एक मागितला. मामांनी कागदावर लिहिलं: थोरला दहा, धाकटा एक. दोघांनी सह्या केल्या. धाकट्यांनी सही करताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू शेडसुद्धा मीच पलीकडे देऊन टाकली. सगळे गेल्यावर ते फुटले. "एक? दहातला एक? दोन तरी मागायचात." मी समजावलं. त्यांना पटलं नाही. एवढा कमी वाटा घेऊन कोणाचं भलं झाल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग मी माझ्या घरच्या मेलवरून त्यांच्या नव्या पत्त्यावर दोन शब्द पाठवले. ते आले. धाकटे पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आरडाओरड ऐकू आली. थोरल्यांना पाठवलेली पत्रं जिथून निघाली तिथे परत जात होती. अर्ध्या तासात मामा हजर. थोरल्यांचं म्हणणं, फसवलं. मामांनी चष्मा लावून कागद वाचला.

"दहा कुनी मागितला?"

"मी. पन मला काय म्हाईत..."

"मास्तरनी सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं. पन तो त्याचा मानूस."

मामा म्हणाले, सोपं आहे. आकडा बदला. धाकट्याला पाच द्या, थोरल्याने एक घ्यावा. मग सगळं टपाल आधी भिंतीपलीकडे जाणार आणि आमची पत्रं तिथून परत फिरणार, हे मामांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं. धाकट्यांनाही आता कळलं होतं. महिन्याचे दोन दिवस उरले होते आणि ओटीपी अजून थोरल्यांच्याच फोनवर येत होता.

थोरले उठून उभे राहिले. "मी एक घेऊ? आनि हा पाच? गावात तोंड दाखवू कसं? दहाच ऱ्हाऊ दे. पत्रं गेली खड्ड्यात."

ते निघून गेले. त्यांच्यामागे ब्लेझरवाला गेला. मामांनी कागदाखाली एक ओळ वाढवली, की थोरल्यास दहा मंजूर, आणि पुन्हा दोघांच्या सह्या मागवल्या. थोरल्यांनी पलीकडून सही करून पाठवली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेअकराला बंगलोरहून नव्या पत्त्यावर करार आला. बावीस पानं. धाकट्यांनी दाराला कडी लावली आणि मला सगळं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. शेवटच्या पानावर सूचना होती: करार दोन प्रतींत छापावा, प्रत्येक पानावर सही करावी आणि कुरिअरने पाठवावा, मेलवर पाठवलेली प्रत ग्राह्य धरली जाणार नाही.