मिठाला लागलेला काना

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीची पाटी घरी आली होती, पण ती घेऊन मी काही शाळेत गेलो नाही. तरी करोल बागेत मला सगळे मास्टरजी म्हणतात. दिल्लीत कात्री आणि शिलाई मशीन चालवणारा प्रत्येक जण मास्टरजीच असतो, हे मी गावाकडच्या लोकांना कधी सांगितलं नाही. त्यांची समजूत आहे की मी इकडे शिकवतो.

मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणं हे माझं काम. आधी पलटणीत शिंपी होतो. तंबू, गाद्या, साहेब लोकांच्या जीपच्या सीटा, सगळं या हातांनी शिवलं. तिथून सुटलो तो करोल बागेत एका सरदारजीच्या दुकानी लागलो. आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. मयूर विहारला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि सोमवार सोडून रोज मेट्रोने एकटा कामावर जातो. एकटा हा शब्द मी मुद्दाम लिहिला, कारण पुढची सगळी भानगड त्या एका शब्दापायी झाली.

सोसायटीच्या गेटाबाहेर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यांनी माझं ब्लड प्रेशर मोजलं आणि भुवया वर केल्या. प्रेशरच्या दोन गोळ्या आधीपासून चालूच होत्या, एक पांढरी आणि एक पाण्याची. पाण्याची म्हणजे लघवीला लावणारी. ती घेऊन मेट्रोत बसलं की यमुना बँक स्टेशनपर्यंत धीर धरवतो, पुढचं देवावर. बाईंनी वजन बघितलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "अंकल, रोटी, चावल, आलू, मीठा, सब बंद. अब लो-कार्ब."

त्याच दमात त्यांनी आणखीही सांगितलं, आणि ते मी नीट ऐकलं होतं, हे आधीच कबूल करतो. अशा खाण्याने प्रेशर उतरतं. म्हणून रोज सकाळी मोजायचं, वहीत लिहायचं. आकडे फार उतरले किंवा चक्कर आली, तर लगेच यायचं, म्हणजे त्या गोळी कमी करतील. आपल्या मनाने गोळीला हात लावायचा नाही.

मुलगा बरोबर होता. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "बाबा, साफ सांगतो. एकदा जरी चक्कर आली ना, तर दुकान बंद. मेट्रोत एकटे पडलात तर कोण बघणार?"

"मी पडत नसतो."

"तसं लिहून देता?"

"मी तिसरी शिकलेला. लिहिण्याचं खातं तुमच्याकडे."

तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की हा खरंच बोलतोय.

आता नातीकडे येतो. ही कॉलेजात आहे, जन्म दिल्लीचा. तिची मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीची बस पकडते. "आबा, मी तुम्हाला बोलली होती ना" असं ती म्हणते आणि मी ते ऐकून घेतो. तिने माझ्या खाण्याचा कागद आजीसाठी म्हणून मराठीत लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. त्यावर होतं: रोटी-चावल बंद. आलू बंद. मीठा बंद. बी.पी. रोज लिहायचा.

बायकोने चष्मा लावून कागद वाचला. तिचा सगळा जन्म मराठी वाचण्यात गेला, ती हिंदी बोलते ती फक्त भाजीवाल्याशी. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. "पोरीने मिठाला काना दिलाय," ती म्हणाली. "शाळेत मराठी नसलं की असं होतं. अहो, मीठसुद्धा बंद सांगितलंय का?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. मीठा म्हणजे काय, हे दिल्लीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. पण तेवढ्यात माझी नजर ओट्याखालच्या गुळाच्या डब्यावर गेली. बायकोच्या भावाने कोल्हापूरकडून पाठवलेली ढेप होती ती. जेवण झाल्यावर तिचा एक खडा मी गेली कित्येक वर्षं तोंडात टाकत आलोय.

"हो," मी म्हणालो. "लो-खार म्हणाल्या बाई. लो म्हणजे कमी आणि खार म्हणजे आपलं मीठच की."

"मग गोडाचं काय?"

"कागदावर दिसतंय का काही?"

तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. गोड हा शब्द कुठेच नव्हता. बायको माझी कायद्याची पक्की आहे. त्या दुपारपासून माझ्या ताटातलं मीठ गेलं आणि गूळ राहिला.

असला सौदा पुन्हा कोणी माझ्यापुढे ठेवला तर मी विचार करीन. बिनमिठाचा दुधी, बिनमिठाची अंडी, बिनमिठाचं पनीर. पनीर मुळातच पांढरं खोडरबर, त्यातलं मीठ काढलं की काय उरतं ते खाणाऱ्यालाच ठाऊक. एक दिवस तिने माझ्यासाठी वेगळा बिनमिठाचा ठेचा केला. डोळ्यांतून पाणी आलं, पण जिभेला काहीच कळलं नाही. भात नाही, पोळी नाही, भाकरी तर नावालाही नाही. ताटाच्या शेवटी गुळाचा एवढासा खडा, बोराच्या बीएवढा. त्याच्यासाठी मी सगळं गिळत होतो. माघार कशी घेणार? माघार घ्यायची म्हणजे आधी थाप मारली हे सांगावं लागणार.

पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला. नात खूश झाली. "आबा, एकदम हीरो," असं म्हणायची.

आणि मग आकडे उतरायला लागले. पहिल्या दिवशी यंत्राने एकशे अठ्ठेचाळीस दाखवलं होतं, ते मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं. दहाएक दिवसांनी वर एकशे तीस आणि खाली ऐंशी आलं. हा आकडा मला फार आवडला. गोल, नीट, बाईंना आवडेल असा. पण तो तिथे थांबेना. एकशे सोळा. एकशे आठ. एका सकाळी सत्त्याण्णव. आता माझं डोकं असं चाललं की टायरमधली हवा कमी झाली की गाडी उभी करतात. हे आकडे मुलाने पाहिले तर माझीही गाडी उभी होणार. म्हणून मी वहीत रोज एकशे तीस-ऐंशी लिहायला लागलो. कारागिराचा हात आहे, एक माप बसलं की तेच कापत राहतो.

चक्कर म्हणायची तर यायची. खाटेवरून उठलं की खोली जरा उशिरा थांबायची. मेट्रोत मी दांडा धरून उभा राहायचो. म्हाताऱ्यांच्या राखीव सीटवर मी बसत नाही, तिथे म्हातारे बसतात.

एका बुधवारी दुकानात मोठी गाडी आली. नवीन कव्हरं चढवायची होती. हे काम असं असतं की सीटच्या खाली हात घालून पट्ट्या ओढायच्या आणि तारेचे आकडे अडकवायचे. मी गाडीच्या दारातून आत वाकलो, चार आकडे अडकवले आणि मान वर केली. एकदम लाइट गेल्यासारखं झालं. मी पडलो नाही, हे लिहून ठेवतो. मी मागच्या सीटवर आडवा झालो.

थोड्या वेळाने सरदारजीचा आवाज आला. "मास्टरजी, सो रहे हो?"

"सीट चेक कर रहा हूँ."

शेजारी गाडीचा मालक उभा होता. त्याने विचारलं, "कैसी है?"

"पीठ को अच्छी है," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. शिलाई माझीच होती.

मग उठायला गेलो आणि पुन्हा तिथेच. सरदारजीचा चेहरा बदलला. त्याने मला पाय वर करून झोपवलं, समोरून नमकीन लस्सी मागवली आणि माझ्या खिशातून फोन काढून घरी लावला. मी त्याला हाताने नको नको म्हणत होतो. पण तेवढ्यात लस्सी आली आणि माझे दोन्ही हात ग्लासाकडे गेले. तीन आठवड्यांनी जिभेवर मीठ आलं होतं. तिकडे तो फोनवर सगळं सांगत होता आणि मी इकडे मिशा चाटत होतो. त्या घटकेला मला विचारलं असतं तर मी दुकानही सोडून दिलं असतं.

नात टॅक्सी घेऊन आली. घरी नेऊन तिने मला निजवलं आणि आधी वही उघडली. पान उलटलं. पुन्हा पान उलटलं.

"आबा, रोज एकशे तीस-ऐंशी?"

"माझी तब्येत आहे तशी. एकसारखी."

तिने यंत्र हातात घेतलं आणि त्याच्या अंगावरचं एक छोटं बटण दाबलं. ते बटण मी रोज बघत होतो, मला वाटायचं शोभेचं आहे. काचेवर सत्त्याण्णव आलं. पुन्हा दाबलं, एकशे एक. पुन्हा दाबलं, एकशे आठ. सगळं तारखेसकट.

"याला आठवतं?" मी विचारलं.

"सगळं आठवतं, आबा."

असलं चुगलखोर यंत्र मी पलटणीतही पाहिलं नव्हतं.

बायको लस्सीचं ऐकून आधीच पेटली होती. "डॉक्टरांनी मीठ बंद केलेल्या माणसाला नमकीन लस्सी पाजतात म्हणजे काय?"

"आजी, मीठ कोणी बंद केलं? मीठा बंद लिहिलंय ना. मीठा, म्हणजे स्वीट."

बायकोने फ्रिजकडे पाहिलं, मग गुळाच्या डब्याकडे, मग माझ्याकडे. "लो-खार," ती हळू म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला तेवढी मुभा असते.

संध्याकाळी सगळी वरात दवाखान्यात गेली. मुलगाही ऑफिसातून थेट तिथेच आला. बाईंनी मला आडवं करून मोजलं, मग उभं करून मोजलं. वहीसुद्धा पाहिली. "अंकल," त्या म्हणाल्या, "आप दवा से नहीं गिरे. आप अपने एक सौ तीस-अस्सी से गिरे. सही लिखते तो मैं गोली कब की कम कर देती." त्यांनी पाण्याची गोळी बंद केली, पांढरी तशीच ठेवली. मीठ घरात सगळे खातात तेवढं खायचं, जास्त नाही. गूळ बंद. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं.

"और दुकान?" मुलाने विचारलं.

माझं प्रेशर त्या वेळी मोजलं असतं तर गोळ्या पुन्हा वाढवाव्या लागल्या असत्या.

"आकडे सुधारले तर जाऊ दे," बाई हिंदीत म्हणाल्या. "पण दोन आठवडे एकटे नाही. कोणीतरी बरोबर हवं."

मुलाला ऑफिस, सुनेला ऑफिस, नातीला कॉलेज. बायको म्हणाली, "मी जाते."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण मी कुठे बसतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी सरदारजीने तिला स्टूल दिलं आणि माताजी म्हणायला लागला. तीन दिवसांत तिने माझ्या रिळांचा खोका रंगांप्रमाणे लावला. पाचव्या दिवशी एक गिऱ्हाईक काळं कव्हर मागत होतं, त्याला ही आपल्या हिंदीत म्हणाली, "काला मत लेव, उन्हात तापता है." त्याने बदामी घेतलं. सरदारजी मला म्हणाला, मास्टरजी, इतकी वर्षं चुकीचा माणूस ठेवला मी. परतताना तिला बाजारात पंधरा मिनिटं लागतात, बांगड्या नुसत्या बघायला. आणि मेट्रोत चढलं की ती राखीव सीटवर दोघांची जागा धरते आणि मला हाताने ओढून बसवते. मी बसतो. तिथे म्हातारे बसतात हे माझं मत कायम आहे.

वही आता तिच्या ताब्यात आहे. माझ्यावर कोणाचा विश्वास नाही. फ्रिजवर नवा कागद आहे, "गोड बंद, मीठ चालू."

काल पंधरावा दिवस. सकाळी तिने पट्टा माझ्या दंडाला बांधला. काचेवर आकडा आला तो मी स्वतः पाहिला, वर एकशे सव्वीस, खाली अठ्ठ्याहत्तर. तिने पेन घेतलं आणि वहीत लिहिलं, एकशे चार, चौसष्ट.

"अहो, अजून कमीच आहे हो," ती वहीकडे बघत म्हणाली. "एकटं कसं सोडायचं?"

मी वही वाचली. नवशिकी आहे. खोटा आकडा माणसाने इतक्या वळणदार अक्षरात लिहू नये, पकडला जातो.

उद्या बाईंकडे जायचंय. तिथे खोटं चालणार नाही, ते शिकलोय. म्हणून काल रात्री नातीला बाजूला घेऊन बटण दाबायला लावलं आणि खरे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घेतले. तो कागद माझ्या खिशात आहे. वहीला हात लावलेला नाही.

नात म्हणाली, "आबा, मग आजीला बोलायचं का, की तुम्ही ठीक आहात?"

"बोल," मी म्हणालो. "पण हिंदीत बोल. तिला मग नीट कळणार नाही."